पहाटेपूर्वी उघडणारा दरवाजा : एरंडोल, खानदेश आणि पाच वेळची नमाज

१/
जळगाव जिल्ह्यातील एरंडोल येथील एका प्राचीन वास्तूच्या मुख्य दरवाजाची किल्ली नगरपालिकेकडे असावी आणि पहाटेच्या पहिल्या नमाजेपूर्वी दरवाजा उघडण्याची व दिवसाची शेवटची नमाज होईपर्यंत तो खुला ठेवण्याची व्यवस्था पालिकेने करावी, अशी तजवीज न्यायालयाने २०२४ मध्ये केली. एका धर्मातील दैनंदिन उपासनेचे वेळापत्रक अशा रीतीने पालिकेच्या कामकाजाचा भाग झाले. ही उपासना नेमकी काय आहे आणि तिच्या वेळांना एवढे महत्त्व का, याचा खानदेशाच्या इतिहासाच्या आधारे घेतलेला हा धांडोळा.

२/
आधी घटनाक्रम. या वास्तूला मुस्लिम समाज जुम्मा मशीद म्हणतो. स्थानिक हिंदू परंपरा तिला पांडववाडा मानते आणि एरंडोलचा संबंध महाभारतातील एकचक्रा नगरीशी जोडते. वास्तू संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. एका तक्रारीनंतर ११ जुलै २०२३ रोजी जिल्हाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ व १४५ खाली अंतरिम आदेश काढला. प्रकरण निकाली निघेपर्यंत तेथे केवळ दोन व्यक्तींना नमाज पढता येईल, असे ठरले. मशिदीची विश्वस्त संस्था उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली आणि १८ जुलै रोजी त्या आदेशास स्थगिती मिळाली.

३/
पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने किल्ली नगरपालिकेकडे सोपवण्यास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. मुख्य दरवाजाची किल्ली पालिकेकडे, आणि मशिदीचा भाग पुढील आदेशापर्यंत वक्फ मंडळ किंवा विश्वस्त संस्थेच्या ताब्यात, अशी व्यवस्था तेथे कायम झाली. वास्तू मूळची कोणाची, हा वाद त्यातून मिटलेला नाही आणि तो मिटवणे हा या लेखनाचा हेतूही नाही.

४/
येथे विचार करायचा आहे तो त्या वेळी अनेकांच्या तोंडी असलेल्या एका युक्तिवादाचा. तो असा : ‘दोघांना परवानगी होतीच. बाकीच्यांनी घरी नमाज पढावी. नमाज कोठेही होते ना? मग बिघडले काय?’ हा प्रश्न विचारणारे सगळेच द्वेषाने विचारत नव्हते. कित्येकांना खरोखरच उत्तर ठाऊक नव्हते. शेजारी शतकानुशतके राहणाऱ्या समाजाच्या रोजच्या उपासनेविषयी मराठी वाचकाला इतके थोडे ठाऊक असावे, ही खेदाची बाब आहे.

५/
प्रारंभ शब्दापासून करू. ‘नमाज’ हा शब्द कुराणातला नाही. कुराणातला अरबी शब्द ‘सलात’. ‘नमाज’ फारसी आहे, आणि त्याचे मूळ प्राचीन इराणी भाषेतील ज्या शब्दात आहे, तो संस्कृतमधील ‘नमस्’ या शब्दाचा सख्खा भाऊ. ‘नमस्कार’ आणि ‘नमाज’ एकाच धातूची लेकरे आहेत. दोहोंचा गाभा वाकणे, नम्र होणे हाच. मराठीतील ‘नियत’ हा शब्दही याच परिसरातला : नमाजेच्या आरंभी मनाशी जो संकल्प करायचा, तो ‘नीयत’. ‘जमात’ म्हणजे मुळात एकत्र आलेला समुदाय. ग्रामीण मराठीतला ‘वखत’ हा अरबी ‘वक्त’.

६/
‘वक्त’ या शब्दावर थांबले पाहिजे, कारण नमाजेचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. दिवसातून पाच वेळा नमाज अनिवार्य आहे : पहाटे फजर, मध्यान्ह टळल्यावर जोहर, तिसऱ्या प्रहरी असर, सूर्यास्तानंतर मगरिब आणि रात्री इशा. प्रत्येकीच्या ठरलेल्या आवर्तनांना ‘रकात’ म्हणतात. अनिवार्य रकाती अनुक्रमे दोन, चार, चार, तीन आणि चार, एकूण १७. प्रत्येक रकातीत कुराणाचा पहिला अध्याय, ‘फातिहा’, म्हटला जातो. सरळ मार्ग दाखव, ही त्यातील मध्यवर्ती याचना. म्हणजे नेमाने नमाज पढणारा माणूस दिवसातून किमान १७ वेळा हीच एक गोष्ट मागतो.

७/
इस्लामच्या पाच स्तंभांपैकी इतरांशी तुलना केली, की नमाजेचे वेगळेपण ध्यानी येते. हजयात्रा आयुष्यात एकदा, तीही ऐपत असेल तर. जकात वर्षातून एकदा, तीही ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती असणाऱ्याने द्यायची. रोजे वर्षातून एक महिना. नमाज मात्र रोजची, आणि श्रीमंत-गरीब दोघांनाही तितकीच बंधनकारक. परंपरा सांगते, की प्रेषितांच्या स्वर्गारोहणाच्या रात्री, म्हणजे मेराजच्या वेळी, प्रथम पन्नास नमाजांचा आदेश झाला आणि विनवणीनंतर त्या पाच उरल्या; पुण्य मात्र पन्नासांचेच राहिले.

८/
नियम कठोर असला तरी माणसाच्या अडचणी त्यात गृहीत धरल्या आहेत. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडल्या पडल्या नमाज पढता येते. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात. हातपाय धुण्यास पाणी नसेल, तर स्वच्छ मातीने ‘तयम्मुम’ करता येतो. उन्हाळ्यात नद्या आटणाऱ्या खानदेशातील माणसाला या सवलतीचे मोल वेगळे सांगायला नको. रीत बदलते, जागा बदलते. वेळेच्या बाबतीत मात्र सवलत सर्वांत कमी. चुकलेली नमाज नंतर ‘कजा’ म्हणून भरून काढता येते. तथापि भरपाई ती भरपाईच.

९/
या वेळा घड्याळाने ठरलेल्या नाहीत, सूर्याने ठरलेल्या आहेत. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर. वस्तूची सावली विशिष्ट लांबीची झाली की असर. येथे एक सूक्ष्म भेद आहे. खानदेशातील बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेचे. त्यांच्याकडे मध्यान्हीची सावली वगळून वस्तूच्या दुप्पट सावली झाल्यावर असरची वेळ लागते. कोकणातील मुस्लिम प्रामुख्याने शाफई. त्यांच्याकडे एकपट सावली पुरते. एकाच महाराष्ट्रात तिसऱ्या प्रहराच्या अशा दोन व्याख्या आहेत. खानदेशात फजरची वेळ उन्हाळ्यात साडेचारच्या आगेमागे, तर हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास लागते. एरंडोलचा दरवाजा उघडणाऱ्या कर्मचाऱ्यालाही त्यामुळे ऋतूंप्रमाणे उठावे लागणार.

१०/
वेळेच्या या गरजेतून मोठी विद्या वाढली. मोठ्या मशिदींत ‘मुवक्कित’ म्हणजे कालगणना करणारा विद्वान नेमला जाई. चौदाव्या शतकातील थोर खगोलज्ञ इब्न अल-शातिर हा दमास्कसच्या उमय्या मशिदीचा मुवक्कितच होता. भारतात, दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याच्या आश्रयाने महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये ‘यंत्रराज’ हा ग्रंथ रचला. सूर्य व तारे पाहून वेळ काढण्याच्या ‘उस्तुरलाब’ या यंत्रावरील हा पहिला संस्कृत ग्रंथ.

११/
योगायोग असा, की याच फिरोजशाहाने १३७० च्याच सुमारास मलिक राजा नावाच्या सरदाराला तापीकाठच्या थाळनेरची जहागीर दिली. थाळनेर आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे. मलिक राजाने पुढे स्वतंत्र सत्ता उभारली आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत त्याच्या वंशाने खानदेशावर राज्य केले. हाच फारुकी वंश. दुसरे खलिफा उमर ‘अल-फारुक’ हे आपले पूर्वज, असा या घराण्याचा दावा होता. त्या उमर यांच्यावर इ. स. ६४४ मध्ये मदिनेत प्राणघातक हल्ला झाला, तो ते पहाटेच्या नमाजेचे नेतृत्व करीत असताना. ज्या नावाने खानदेशाची पहिली स्वतंत्र मुस्लिम राजवट ओळखली गेली, ते नाव असे फजरच्या नमाजेशी जोडलेले आहे.

१२/
फारुकींनी बुऱ्हाणपूर वसवले आणि खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी इतिहासात ते खानदेशचेच हृदय. तेथील जामा मशीद आदिलशाह फारुकी ऊर्फ राजा अली खान याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. विजापूरच्या आदिलशाहीशी त्याचा संबंध नाही. या मशिदीच्या आत एक अरबी शिलालेख आहे आणि त्यासोबत एक संस्कृत शिलालेखही आहे. विक्रम संवत १६४६, शके १५११ हे त्याचे वर्ष.

१३/
या संस्कृत लेखाचा आरंभ सृष्टिकर्त्याला वंदन करून होतो. त्या ईश्वराचे वर्णन अव्यक्त, सर्वव्यापी, नित्य आणि गुणांच्या पलीकडचा असे आहे. इस्लाममधील ‘तौहीद’, म्हणजे ईश्वराचे एकत्व, उपनिषदांच्या शब्दकळेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यानंतर फारुकी राजांची वंशावळ येते आणि मग मशीद का बांधली, याचे कारण : राजाने स्वतःच्या धर्माच्या पालनासाठी ती उभारली. संस्कृत जाणणाऱ्या प्रजेला कळेल अशा भाषेत एक सत्ताधीश सांगतो आहे, की ही वास्तू स्वधर्माच्या आचरणासाठी आहे.

१४/
लेखातील कालनिर्देश तर विलक्षण आहे. महिना पौष, शुद्ध पक्ष. तिथी, नक्षत्र, योग, करण ही पंचांगाची अंगे घटकांसह नोंदली आहेत आणि लग्नही दिले आहे. मशिदीत ज्योतिषशास्त्राचे हे तपशील पाहून आज कोणी चकित होईल. पण वेळेचा नेम हाच ज्या उपासनेचा प्राण, तिच्या वास्तूवर वेळ इतकी काटेकोर लिहिली जावी, यात विसंगती नाही. दोन कालगणनांची माणसे एका दगडावर शेजारी आली आणि कोणालाही आपली गणना सोडावी लागली नाही.

१५/
काळाप्रमाणे दिशेचाही एक खानदेशी तपशील आहे. मक्का सुमारे २१.४ उत्तर अक्षांशावर आहे. जळगाव २१ अंशांवर आणि धुळे त्याहून किंचित दक्षिणेस. म्हणजे खानदेश आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. दोन्हीकडे दिवस साधारण सारख्याच लांबीचा. फक्त जळगावचा सूर्य सुमारे २ तास २३ मिनिटे आधी मावळतो. पृथ्वी गोल असल्याने किब्ल्याची, म्हणजे काबागृहाची, दिशा मात्र जळगावहून ठीक पश्चिमेला नसून पश्चिमेच्या सुमारे सात अंश उत्तरेकडे आहे. दरवर्षी २८ मेच्या सुमारास सूर्य काबागृहाच्या ठीक माथ्यावर येतो. त्या क्षणी, भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास, सूर्याकडे तोंड केले की किब्ल्याकडे तोंड होते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

१६/
राजांच्या पलीकडे, कष्टकऱ्यांच्या इतिहासात नमाजेचे स्थान अधिक ठळक दिसते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची अनेक कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि मालेगाव, धुळे या गावांत स्थिरावली. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले, तरी १८६९ पर्यंत तो खानदेशचाच भाग होता. हातमागाचा यंत्रमाग झाला, तरी मालेगावात साप्ताहिक सुट्टी रविवारी न होता शुक्रवारीच राहिली. गिरणीच्या भोंग्याने कामगाराचा दिवस मालकाच्या ताब्यात दिला, असे औद्योगिक इतिहासात म्हटले जाते. येथे मात्र विणकरांनी आठवड्यातला एक दिवस आणि दिवसातले पाच क्षण स्वतःच्या हाती राखले. धोटा थांबतो, अंग धुतले जाते, काही मिनिटे तो माणूस कोणाचाही नोकर नसतो.

१७/
याला मराठीत नेमका शब्द आहे : नित्यनेम. वारकऱ्याचा हरिपाठ, काकडआरती, दिवेलागणीची शुभंकरोती यांमागे हीच जाणीव आहे, की श्रद्धा प्रसंगी उफाळून येण्याने टिकत नाही, रोजच्या छोट्या आचरणाने टिकते. मुक्ताबाईंचे मुक्ताईनगर ज्या जळगाव जिल्ह्यात आहे, तेथील वाचकाला हे समजणे अवघड नसावे. हरिपाठ चुकला म्हणून वारकऱ्याला जी रुखरुख लागते, तीच असर हुकलेल्या माणसाला लागते.

१८/
आता मूळ प्रश्नाकडे : नमाज कोठेही होते, मग मशीद कशाला? पृथ्वीची सगळी भूमी मला प्रार्थनास्थळ म्हणून दिली गेली, या आशयाचे प्रेषितांचे वचन प्रसिद्ध आहे. १९९४ च्या इस्माईल फारुकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानेही, मशीद हा इस्लामच्या आचरणाचा अत्यावश्यक भाग नाही आणि नमाज उघड्यावरही पढता येते, असे म्हटले. युक्तिवादाचा पहिला भाग त्यामुळे खरा आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

१९/
कारण याच परंपरेने जमातीने पढलेल्या नमाजेचे पुण्य एकट्याच्या नमाजेपेक्षा २७ पट सांगितले आहे, आणि शुक्रवारची जुम्म्याची नमाज तर एकट्याने होतच नाही. रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. जो आधी आला तो पुढे, मग तो हमाल असो वा जमीनदार. ‘कोठेही’ ही सवलत प्रवाशासाठी, शेतात वा कामावर असलेल्यासाठी आहे. अडलेल्यासाठी दिलेली सवलत, घरी असलेल्याला बाहेर काढण्याचे कारण म्हणून वापरणे न्याय्य नव्हे. विठ्ठल सर्वत्र आहे, म्हणून पंढरपूरचा दरवाजा दोनच माणसांसाठी उघडा ठेवला, तर ते कोणता वारकरी मान्य करील?

२०/
म्हणूनच ‘दोनच व्यक्ती’ ही मर्यादा दिसते तितकी किरकोळ नव्हती. आदेश आणि स्थगिती यांत एक आठवडा गेला. कागदावर तो सात दिवसांचा अवधी. नमाजेच्या हिशेबात मात्र सुमारे ३५ वक्त आणि मध्ये आलेला १४ जुलैचा एक जुम्मा. शांतता राखणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. परंतु ते बजावताना रोजच्या उपासनेवर मर्यादा घालणे हा शेवटचा उपाय असावा, कारण जमिनीचा ताबा नंतर परत देता येतो, गेलेली वेळ देता येत नाही.

२१/
इतिहासाच्या अभ्यासकांनीही येथे आपली मर्यादा ओळखावी. एखादी भिंत कोणत्या शतकातील, तिचा खांब आधी कोठे होता, हे प्रश्न वैध आहेत; त्यांचा शोध पुराव्यानिशी, घाई न करता व्हावा. पण त्या शोधाचे उत्तर काहीही आले, तरी त्यातून उद्या पहाटे कोणी कोठे नतमस्तक व्हावे याचा निकाल लागत नाही. तो नागरिकांच्या हक्कांचा आणि कायद्याचा विषय आहे. दगडांच्या इतिहासाइतकाच उपासनेच्या सातत्यालाही इतिहास असतो, आणि तो जिवंत माणसांचा असतो.

२२/
नमाजेच्या महत्त्वाची चर्चा एकतर्फी होऊ नये. नमाजी माणूस आपोआप सज्जन होतो, असे कुराणही म्हणत नाही. त्यातील ‘माऊन’ हा छोटा अध्याय, नमाज पढणारे पण तिच्या अर्थाविषयी बेफिकीर, दिखाऊ आणि शेजाऱ्याला साधी वस्तूही न देणारे यांचा कठोर धिक्कार करतो. स्त्रियांचा प्रश्नही खुला आहे. पुण्यातील एका दांपत्याने २०१९ मध्ये स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर, इस्लाममध्ये स्त्रियांना मशिदीत नमाज पढण्यास मनाई नाही, असे ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये सांगितले. तरीही अनेक मशिदींत स्त्रियांसाठी जागाच नाही. दरवाजा उघडा असावा, ही मागणी आतल्या बाजूनेही लागू होते.

२३/
समजून घेण्याची परंपरा खानदेशाला नवी नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सर्वज्ञात आहे. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. विनोबांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि त्यातील वेच्यांचे संकलन, ‘कुराण-सार’, सिद्ध केले. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक मराठीत लिहिले. दोघांनीही स्वतःचा धर्म सोडला नाही. शेजाऱ्याचा धर्म जाणण्यासाठी कष्ट घेतले, एवढेच.

२४/
एरंडोलचा वाद न्यायालयात जो लागायचा तो लागेल. तोपर्यंत पालिकेच्या एखाद्या कर्मचाऱ्याने, तो कोणत्याही धर्माचा असो, अंधारात उठून दुसऱ्यांच्या प्रार्थनेसाठी कुलूप काढायचे आहे. त्याला नमाजेवर श्रद्धा असण्याची गरज नाही. वेळ पाळण्याची आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी बुऱ्हाणपूरच्या मशिदीत पंचांग कोरणाऱ्यांचीही जबाबदारी याहून फार वेगळी नव्हती. शेजारधर्माची सुरुवात बहुधा इतक्याच साध्या गोष्टीने होते.

(समाप्त)